पालकाचा रिपोर्ट आलाय, कुणी वाचून सांगेल का?

रानजाई — मंगळवार, रात्री १०:१२

सात-आठ वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकीच्या विभागात पडला असेल तर प्रशासकांनी हलवावा.

आम्ही डोंबिवलीत राहतो. लेक चौदा महिन्यांची. बाईसाहेब बाकी सगळं थुंकतात आणि पालक घातलेली मुगाची खिचडी तेवढी मिटक्या मारत खातात, त्यामुळे घरात दिवसाआड पालक. मागच्या महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर रुळांशेजारच्या भाजीचा तो व्हिडिओ फिरला. तुम्हीही पाहिला असेल, नाल्यात पंप सोडलाय आणि वर हिरवागार माठ. सासूबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं हेच खातोय, काय झालं आम्हाला?" नवरा म्हणाला, यापुढे ऑर्गॅनिकच आणू. मला दोघांचंही पटेना. सरळ दोन जुड्या पिशवीत घातल्या आणि एका खासगी लॅबमध्ये देऊन आले. दोन्ही नमुन्यांचे मिळून साडेपाच हजार गेले, ते घरात अजून सांगितलेलं नाही.

आज रिपोर्ट आला. आकडे मिलिग्रॅम प्रतिकिलोमध्ये आहेत.

नमुना १, पुलाखालच्या मावशींकडचा, १५ रुपये जुडी: शिसे २.९, कॅडमियम १.१
नमुना २, ऑर्गॅनिक दुकानातला, ६० रुपये जुडी: शिसे ३.८, कॅडमियम ०.६

नेटवर शोधलं तर पालेभाजीत शिसं ०.३ आणि कॅडमियम ०.२ च्या वर नको असं दिसतंय. म्हणजे दहापट? बारापट? आणि साठ रुपयेवाल्या जुडीत शिसं जास्त? पोरीला मी सहा महिने काय भरवलं हा एकच विचार डोक्यात आहे. कृपया कुणीतरी समजावून सांगा.

माठाचीभाजी — रात्री १०:३१

बापरे. वाचतेय.

नाना_कोपरकर — रात्री १०:४०

डोंबिवली म्हटल्यावर आणखी काय होणार? २०१४ ला हिरवा पाऊस पडला, २०२० ला रस्ता गुलाबी झाला. आता पालक कुठल्या रंगाचा निघतो ते बघायचं.

शुद्धआहार — रात्री १०:५५

ताई घाबरू नका. आमच्या ओझोन मशीनमध्ये भाजी फक्त १५ मिनिटे ठेवा. ९९ टक्के कीटकनाशके व जड धातू नष्ट होतात. सवलतीसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

बेरकी_बोका — रात्री ११:०२

शिसं नष्ट होतं? मग त्याचं काय होतं, सोनं? तसं असेल तर दोन मशीन घेतो.

अहो, शिसं हे मूलद्रव्य आहे. ते जळत नाही, कुजत नाही, ओझोनने मरत नाही. फार तर एका जागेवरून उठून दुसरीकडे जाऊन बसेल. कीटकनाशकाचा रेणू मोडता येतो. शिशात मोडायला आहेच काय?

प्रशासक — रात्री ११:२०

जाहिरातबाजीबद्दल 'शुद्धआहार' या आयडीला ताकीद देण्यात येत आहे. चर्चा चालू द्या.

तराजू — बुधवार, सकाळी ६:४८

रानजाई, पस्तीस वर्षं विश्लेषक रसायनशास्त्रज्ञ म्हणून काढली, आता निवृत्त आहे. घाबरण्याआधी तीन गोष्टी सांगा. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात 'ऑन ड्राय बेसिस' असं काही आहे का? ओलाव्याचा, म्हणजे मॉइश्चरचा आकडा दिलाय का? आणि जुड्या धुऊन दिल्या होत्या की आणल्या तशा?

रानजाई — सकाळी ७:१५

काका, आहे! तारांकित करून खाली लिहिलंय, 'रिझल्ट्स ऑन ड्राय बेसिस'. ओलावा नमुना १ मध्ये ९१.० टक्के, नमुना २ मध्ये ९०.५. जुड्या धुतल्या नव्हत्या, मुळांची माती झटकून तशाच दिल्या. काही चुकलं का?

तराजू — सकाळी ८:०५

तुमचं नाही चुकलं. चुकतं ते रिपोर्ट देणाऱ्यांचं, आणि त्याहून जास्त बातमी करणाऱ्यांचं.

लॅबमध्ये भाजी आधी भट्टीत वाळवतात, कुटतात, आम्लात विरघळवतात आणि मग यंत्रात सोडतात. आकडा येतो तो वाळलेल्या भुकटीचा. तुम्ही नेटवर पाहिलेल्या मर्यादा कोडेक्सच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या, आणि त्या ताज्या, ओल्या भाजीच्या वजनावर असतात. वाळवलेल्या भाजीची तुलना ताज्या भाजीच्या मर्यादेशी करणं म्हणजे खारकेचं वजन खजुराच्या भावाने लावणं. (उपमा घाईची आहे, हलकेच घ्या.)

आता हिशेब करा. पहिल्या जुडीत पाणी ९१ टक्के, म्हणजे किलोभर ताज्या पालकात सुका ऐवज ९० ग्रॅम. सुक्या किलोत शिसं २.९ मिलिग्रॅम, तर नव्वद ग्रॅममध्ये ०.२६. कॅडमियम त्याच हिशेबाने ०.१०. दुसरीत सुका ऐवज ९५ ग्रॅम, म्हणजे शिसं ०.३६ आणि कॅडमियम ०.०६ च्या आतबाहेर.

तर दहापट-बारापट नाही. मावशींची जुडी दोन्ही मर्यादांच्या आत आहे, शिशाच्या बाबतीत अगदी काठावर. ऑर्गॅनिकवाली शिशाच्या मर्यादेच्या थोडी वर आहे. एका जुडीवरून कुणाला चोर ठरवू नये, यंत्राचीही थोडी इकडेतिकडे होते. पण 'ऑर्गॅनिक' हा शिक्का धातूंसाठी नाही हे ध्यानात ठेवा. तो रासायनिक खतं आणि फवारण्यांबद्दल बोलतो. शेत हमरस्त्याला लागून असेल, पानावर धूळ बसत असेल, तर शिसं शिक्का बघून थांबत नाही.

दोन धातूंचे स्वभाव वेगळे आहेत. शिसं मातीला घट्ट धरून बसतं, मुळातून वर फारसं चढत नाही. पालेभाजीत सापडतं ते बरंचसं बाहेरून आलेलं असतं, धूळ आणि चिखल. म्हणून ते धुण्याने बऱ्यापैकी कमी होतं. कॅडमियम मात्र पाण्याबरोबर मुळातून वर चढतं आणि पानाच्या आत जाऊन बसतं. ते धुऊन, भिजवून, शिजवून, कशानेही बाहेर येत नाही. माती आम्लधर्मी असेल तर जास्त चढतं, चुनखडीची असेल तर कमी. पालेभाज्या हे दोन्ही धातू फळभाज्यांपेक्षा जास्त उचलतात. वांगं-भोपळ्यापेक्षा पालक, माठ, मेथी यांचीच चर्चा होते ती त्यामुळे.

माठाचीभाजी — सकाळी ८:४०

काका, मग धुवायचं नक्की कसं? मी मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवते. व्हिनेगरपण घालते कधीकधी.

तराजू — सकाळी ८:५८

मिठाने बिघडत काही नाही, विशेष साधतही नाही. मुळं आणि देठाचा मातीचा भाग कापून टाका. पानं सुटी करा, जुडी बांधलेली ठेवून धुण्यात अर्थ नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घेऊन पानं हाताने खळबळा आणि वर उचलून घ्या. पाणी भाजीवरून ओतू नका, तळाची रेती परत पानांवर बसते. तळाला रेती दिसायची थांबेपर्यंत असंच करा. तुमच्या आजी हेच करत असणार.

रुळावरून — सकाळी ११:३६

इतके दिवस या विषयावर गप्प होतो, आज लिहितोच.

माझे वडील मध्य रेल्वेत गँगमन होते. रुळांशेजारची भाजी ही कुणी चोरून केलेली शेती नव्हे. रेल्वेची 'ग्रो मोअर फूड' नावाची रीतसर योजना होती. मोकळी पडलेली जमीन तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या कर्मचाऱ्यांना भाड्याने लावायला द्यायची, म्हणजे अतिक्रमण होत नाही आणि भाजीही पिकते. आमच्याकडे असा एक तुकडा होता. कसायला उत्तर प्रदेशातलं एक कुटुंब होतं, पत्र्याच्या खोलीत तिथेच राहायचं.

मी सातवी-आठवीत असताना सुट्टीत तिथे जायचो. चौकोनी खड्डा, त्यात उतरायला मातीत रोवलेले जुने टायर. भय्या दोन्ही हातांत पत्र्याच्या मोठ्या झाऱ्या घेऊन उतरायचा, बुडवायचा, वर यायचा आणि दोन वाफ्यांमधून पळत पाणी द्यायचा. दिवसाला शंभर फेऱ्या सहज. खड्ड्यातलं पाणी काळसर असायचं, वर साबणाचा फेस. पहाटे चारला माठ उपटायचा, जुड्या बांधायच्या आणि त्याच पाण्यात बुडवून पाट्यांत रचायच्या, म्हणजे बाजारात टवटवीत दिसतात.

ते शेवटचं बुडवणं हा खरा घोळ. धातूंचं जे असेल ते असो, पण सांडपाण्यात बुचकळलेली जुडी म्हणजे जुलाब, कावीळ आणि टायफॉइडचं निमंत्रण. हे आजचं दुखणं आहे, शिसं-कॅडमियम वीस वर्षांनंतरचं. शिजवल्यावर जंतू मरतात, पण कोथिंबीर आणि मुळ्याचा पाला आपण कच्चाच खातो. व्हिडिओत यावर चकार शब्द नाही.

आमच्या घरी ती भाजी यायची का, असं विचाराल तर यायची. आई चार पाण्यांनी धुवायची. अण्णा म्हणायचे, हे नाल्याचं पाणी कुणाच्या घरातून आलंय ते विचार, मग नाक मुरड.

नाना_कोपरकर — दुपारी १२:१०

शेवटचं वाक्य लागलं. माझी काल रात्रीची कमेंट फारच उथळ होती.

डॉ_पिटुकली — दुपारी २:२५

बालरोगतज्ज्ञ आहे. रानजाई, पालक बंद करू नका असं आधीच सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असणार.

शिशाची 'एवढं चालेल' अशी सुरक्षित पातळी नाही हे खरं. पण मुलांच्या अंगात शिसं जाण्याच्या वाटा अनेक आहेत आणि भाजी त्यात पहिल्या नंबरवर नसते. जुन्या रंगाचे पोपडे, मोडक्या बॅटऱ्या फोडण्याचे धंदे, भेसळीची हळद, स्वस्त मिश्रधातूची भांडी. आणि सुरमा! पारंपरिक सुरमा म्हणजे कुटलेलं गॅलेना, शिशाचं खनिज. बाळाच्या डोळ्यांत रोज बोट फिरवतो आणि मग तेच बोट तोंडात जातं. काजळ घालता का?

दुसरी गोष्ट अशी की अंगात लोह कमी असेल तर आतडं शिसं आणि कॅडमियम दोन्ही जास्त शोषून घेतं. म्हणजे भीतीपोटी पालेभाजी, डाळी बंद करून पोर ॲनिमिक झालं तर उलटंच व्हायचं. खिचडीवर लिंबू पिळा, नाचणी द्या, भाज्या बदलत राहा. रोज पालक नको, एक दिवस दुधी, एक दिवस लाल भोपळा. फारच धास्ती वाटली तर रक्तातलं शिसं तपासता येतं. जागतिक आरोग्य संघटना डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त आलं तर शिशाचा स्रोत शोधायला सांगते.

रानजाई — दुपारी ३:०२

काजळ सासूबाई घरी करतात, बदाम जाळून. सुरमा नाही. हुश्श. काका आणि डॉक्टर, दोघांचे किती आभार मानू?

बेबी_कालवा — रात्री ९:१५

मी दौंड तालुक्यातला, आयडीवरून कळलंच असंल.

वरचं सगळं वाचलं. शहरातली माणसं भाजीला घाबरतात, पण ती भाजी पिकवणारा काय पितो हे कुणी विचारत नाही. आमच्याकडं खडकवासल्याचं पाणी यायचं. पुणं वाढलं, पिण्याला जास्त पाणी लागायला लागलं, तर ठरलं असं की शहराचं सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, उचलायचं आणि जुन्या बेबी कालव्यात सोडायचं. 'शुद्ध करून' हे शब्द कागदावर. कालव्याला पाणी सुटलं की आधी वास येतो, मग पाणी येतं. मोटरीचा फुटव्हॉल्व्ह काढला तर हाताला काळा चिकट थर लागतो, दोन दिवस साबणानं जात नाही. विहिरींनाही तेच पाझरतं. पिण्याला आम्ही जार विकत घेतो. शेतकऱ्यानं पाणी विकत घ्यायचं आणि तुम्ही म्हणायचं की भाजी विषारी.

पीक मात्र जोमात येतं, खोटं कशाला बोलू. नत्र फुकट मिळतं. ऊस, मका, घास, मेथी, कोथिंबीर. खाली उजनीत जलपर्णी बघा, तिलाही हेच खत.

तराजूकाका, तुम्ही म्हणता कॅडमियम मुळातून चढतं. मग आमच्या जमिनीत काय आहे हे कसं कळायचं?

साकुराबाई — गुरुवार, पहाटे ५:५०

जपानहून लिहितेय. मागच्या वर्षी तोयामाला गेले होते. तिथे २०१२ साली उघडलेलं एक संग्रहालय आहे, फक्त एका आजाराचं. इताई-इताई. जपानीत 'इताई' म्हणजे दुखतंय. आपण 'आई गं, आई गं' म्हणू, तसं.

जिन्झू नदीच्या वरच्या अंगाला कामिओकाची जस्ताची खाण. तिचं पाणी नदीत, नदीचं भातखाचरात. भातात कॅडमियम. आजारी पडल्या त्या बहुतेक पन्नाशीच्या आसपासच्या, चार-पाच बाळंतपणं झालेल्या बायका. मूत्रपिंडं निकामी, हाडं इतकी ठिसूळ की खोकल्याने बरगडी मोडायची. लोक गावाला लागलेला शाप समजत. हागिनो नोबोरू नावाचे गावातलेच डॉक्टर खाणीकडे बोट दाखवत राहिले, त्यांनाच आधी वेड्यात काढलं. १९६८ साली सरकारने हा प्रदूषणाने झालेला आजार असं मान्य केलं. गावकऱ्यांनी दावा लावला, १९७१ ला जिंकले, कंपनी अपिलात गेली, १९७२ ला पुन्हा जिंकले.

बेबी_कालवा, तुमच्यासाठी हे लिहितेय. निकालाने माती साफ झाली नाही. खाचरांची वरची माती खरवडून खोल पुरायची, वर चांगली माती घालायची, असं काम १९७९ ते २०१२ चाललं. साडेआठशे हेक्टरच्या वर जमीन. तिथल्या फोटोत एक आजोबा नव्या मातीच्या खाचरात पाय बुडवून उभे आहेत, त्या फोटोपाशी मी बराच वेळ रेंगाळले.

बेबी_कालवा — सकाळी ७:२०

तेहतीस वर्षं. खर्च कुणी केला?

साकुराबाई — सकाळी ७:४४

काही कंपनीने, काही सरकारने. आपलं आणि त्यांचं प्रमाण एक नाही हेही सांगते, तिथे थेट खाणीचं पाणी शेतात होतं.

तराजू — सकाळी ९:३०

बरोबर, प्रमाण सोडून बोलू नये. म्हणून थोडं गणित. जागतिक तज्ज्ञ समितीच्या हिशेबाने कॅडमियम महिन्याला शरीराच्या दर किलोमागे २५ मायक्रोग्रॅमपर्यंत सोसवतं. ५५ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ४५. पुलाखालच्या पालकाची १०० ग्रॅम भाजी खाल्ली तर १० जातात. युरोपवाले याहून बरेच कडक आहेत, त्यांच्या मोजमापाने दिवसाला २० च्याही आत राहायला हवं. म्हणजे पालक एकटा गुन्हेगार नाही, पण ताटात बाकीचंही असतं. भात आणि पोळी रोज आणि भरपूर पोटात जातात, त्यामुळे तिथला छोटा आकडाही एकूण बेरजेत मोठा होतो. एकदा मूत्रपिंडात गेलेलं कॅडमियम निम्मं व्हायलाही दहा ते तीस वर्षं लागतात.

अवांतर: तंबाखूचं झाड कॅडमियम ओढण्यात पालकाचा बाप आहे. विडी ओढत पालकाच्या रिपोर्टवर चर्चा करणारे दोन मित्र मला आहेत.

दौंडकर, तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे. तुमची काळी, चुनखडीयुक्त जमीन, सामू (पीएच) आठच्या आसपास असणार. अशा मातीत कॅडमियम दबून राहतं. कोकणातल्या तांबड्या आम्ल जमिनीत हेच पाणी सोडलं असतं तर मला जास्त काळजी वाटली असती. कॅडमियम फक्त पाण्यातूनच येतं असंही नाही, स्फुरदाच्या खतातून थोडं थोडं येत राहतं, कारण रॉक फॉस्फेटमध्ये ते मुळातच असतं. युरोपने २०२२ पासून त्यावर मर्यादा घातली.

कलम_अठरा — सकाळी ११:०५

कायद्याची बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो.

अन्नसुरक्षा कायदा २००६ चा. त्याच्या कलम १८ मध्ये स्पष्ट म्हटलंय की शेतकरी आणि त्याच्या शेतातला माल यांना हा कायदा लागू नाही. हेतू चांगला होता, गरीब शेतकऱ्यामागे इन्स्पेक्टरचा ससेमिरा नको. पण परिणाम बघा. अन्न व औषध प्रशासनाचा हात बाजारात सुरू होतो. शेतात जाणारं पाणी प्रदूषण मंडळाकडे. सांडपाणी महापालिकेकडे, कालवा जलसंपदाकडे, माती कृषी खात्याकडे. जुडी या पाचही टेबलांवरून जाते आणि एकही टेबल तिचं नाही.

ग्राहकाला मात्र कलम ४० आहे. फी भरून कुणीही विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. रानजाईंच्या खासगी रिपोर्टचा घरच्या निर्णयासाठी उपयोग आहे, कारवाईसाठी नाही. २०१५ चं नूडल्सचं प्रकरण आठवा. शिशाचे आकडे देशभर गाजले, बंदी आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली. मुख्य मुद्दे दोन: तपासणाऱ्या प्रयोगशाळा कायद्याने मान्य नव्हत्या आणि कंपनीचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं.

बेरकी_बोका — सकाळी ११:१८

पाच टेबलं आणि एक जुडी. दर टेबलावर दोन काड्या कमी झाल्या तरी शेवटी रबरबँड उरेल.

गच्चीतली_शेती — दुपारी १:४०

मी गच्चीत पालक लावते. वाटलं होतं मी सुटले, पण हे वाचून शंका आली. कुंड्यांत सोसायटीच्या कचऱ्याचं कंपोस्ट आहे, आणि दरवर्षी गणपती घरीच बादलीत विसर्जन करून ती शाडू माती कुंड्यांत घालते. चालतं ना?

तराजू — दुपारी २:१०

शाडू चालतो, त्यावरचा रंग विचारा. भडक पिवळा आणि केशरी असेल तर तो शिसं आणि क्रोमियमचा असू शकतो. विसर्जनाच्या आधी रंगाचा थर खरवडून वेगळा काढा, किंवा ती माती शोभेच्या झाडांना घाला. कंपोस्टसाठी खत नियंत्रण आदेशात मर्यादा आहेत, शिसं किलोला १०० मिलिग्रॅम, कॅडमियम ५. स्वयंपाकघरातला ओला कचरा असेल तर काळजी नाही. त्यात रस्त्याची झाडलोट, बॅटऱ्या, ट्यूबलाइट मिसळत असेल तर भाजीला वापरू नका. आणि जुन्या इमारतीची भिंत खरवडून रंगकाम चालू असताना कुंड्या झाका.

माठाचीभाजी — दुपारी २:३५

डॉक्टरांनी हळद म्हटलं, ते नीट कळलं नाही. हळदीत शिसं कुठून?

डॉ_पिटुकली — रात्री ८:५०

लेड क्रोमेट. झळझळीत पिवळं असतं, फिक्या हळकुंडांना रंग चढवायला चोळतात. बांगलादेशात याचा मोठा अभ्यास झाला. २०१९ मध्ये बाजारातल्या जवळपास निम्म्या नमुन्यांत भेसळ होती. सरकारने लोकांना सांगितलं, गिरण्यांवर छापे घातले आणि २०२१ पर्यंत भेसळीचा एकही नमुना सापडेना. दोन वर्षांत! निराश व्हायला होतं तेव्हा मी हे उदाहरण आठवते. आपल्याकडे सांगलीची हळकुंडं ओळखीच्या दुकानातून घेऊन गिरणीत दळून आणणाऱ्यांनी हळकुंड मोडून बघावं. बाहेरून झगझगीत आणि आत फिकं असेल तर परत करा.

रानजाई — शुक्रवार, रात्री ९:३३

अपडेट देते. आज स्टेशनवरून येताना पुलाखाली थांबले. तीन दिवस गेले नव्हते तर मावशीच म्हणाल्या, "काय गं, पालक सोडलास वाटतं?" मी धीर करून विचारलं, तुमचा पालक रुळांजवळचा का? त्या हसल्या. म्हणाल्या, "मला काय माहीत बाई. रात्री दोनला कल्याणला गाडी येते, त्यात जो असेल तो. कधी नाशिकचा म्हणतात, कधी पुण्याकडचा."

म्हणजे नमुना १ रुळांशेजारचा असं मी मनानेच धरून चालले होते. या धाग्यावर आपण सगळेच.

ऑर्गॅनिक दुकानदारालाही रिपोर्ट दाखवला. त्याने भिंतीवरचं सर्टिफिकेट दाखवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मावशींकडून मेथी घेतली, आणि लाल भोपळ्याची फोड. साडेपाच हजारांचं नवऱ्याला सांगून टाकलं. तो म्हणाला, ओझोन मशीनपेक्षा स्वस्त पडलं.

बेबी_कालवा — रात्री १०:०५

पुण्याकडचा म्हणजे आमचाही असू शकतो ताई.

परवापासून डोक्यात घोळत होतं म्हणून कपाटातनं मृदा आरोग्य पत्रिका काढली. बारा रकाने आहेत. सामू ८.१, काकांनी सांगितला तसाच. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, लोह, तांबं, जस्त सगळं आहे. जस्तापुढं 'कमी' लिहिलंय. शिसं आणि कॅडमियमला रकानाच नाही. मी कार्ड उलटं करूनपण बघितलं.

माझ्या खर्चानं तपासतो. माती कशी घ्यायची तेवढं सांगा.

तराजू — रात्री १०:२२

वरची पंधरा सेंटिमीटर. लोखंडी फावडं नको, लाकडी किंवा प्लास्टिकचं घ्या, रंग दिलेलं तर अजिबात नको. शेतातल्या सात-आठ जागांची माती घमेल्यात नाही, प्लास्टिकच्या टबात मिसळा, त्यातली अर्धा किलो सावलीत वाळवून पिशवीत भरा. कालव्यापासून लांबच्या, विहिरीवर भिजणाऱ्या तुकड्याची वेगळी पिशवी करा, नाहीतर तुलना कशाशी करणार? पाण्याची बाटलीही लागेल. लॅबकडूनच आम्ल घातलेली मागून घ्या. आणि मेथीची एक जुडी, धुतलेली. रिपोर्ट ताज्या वजनावर द्या असं फॉर्मवर लिहायला विसरू नका.

जस्त कमी आहे ते आधी भरून काढा. जस्त कमी असलं की झाड त्याच्या जागी कॅडमियम जास्त ओढतं, असं बऱ्याच पिकांत दिसतं.

रानजाई — रात्री १०:३०

निम्मे पैसे माझ्याकडून. नाही म्हणू नका.

बेबी_कालवा — रात्री १०:४१

बघू. कालव्याला पाणी सोमवारी सुटतंय, बाटली तेव्हाच भरतो.